कवळीची सवय होत नाही, की कवळीच नीट बनली नाही? (सोलापूर)

होटगीरोडकर

नमस्कार मंडळी. अव्वाला (माझी आई, वय ७२) दिवाळीच्या आधी वरची-खालची पूर्ण कवळी बसवली. वरचीबद्दल तिची काही तक्रार नाही. खालची मात्र भाकरीचा घास तोंडात गेला की उचलते. बोलताना मधूनच टक्‌ टक्‌ वाजते. जिभेच्या बाजूला आत जखम झाली, भरली, पुन्हा त्याच जागी झाली. डॉक्टरांना सांगितलं की "सवय होईल, धीर धरा" एवढंच उत्तर मिळतं.

मला जास्त लागलंय ते पुढचं. अव्वा आता आमच्या पंगतीला बसत नाही. "तुम्ही खाऊन घ्या, मी मागून बसते" म्हणते आणि सगळे उठले की कवळी काढून दुधात भाकरी कुस्करून खाते. सोमवारचं भजन बंद केलं. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज बघायलाही आली नाही, का तर कोणी ओळखीचं भेटलं आणि बोलायला थांबवलं तर? जिच्या हातच्या कडक भाकऱ्या नातेवाईक पुण्या-मुंबईला बांधून न्यायचे, तिनं असं कोपऱ्यात बसून जेवावं हे बघवत नाही.

तर विचारायचं आहे की यात सवयीचा भाग किती आणि कवळीच्या घडणीचा किती? परत डॉक्टरांकडे जाताना नेमकं काय विचारू? (डॉक्टरांचं नाव इथे लिहिणार नाही, कृपया कोणी विचारू नका.)

कडक_भाकरी

ताई, आमच्या आप्पांचं डिट्टो असंच झालतं. लई वैतागलते. "दात न्हवते तवाच बरं हुतं बे" म्हणायचे. खालची कवळी सदऱ्याच्या खिशात, फोटो काढायचा असला की तोंडात. मग दुसरीकडं नवीन करून घेतली. आता शेंगा सोडून सगळं खातेत. माणूस तेच, तोंड तेच. मग सवय कुठं आडवी आली सांगा की.

सरळसोट

वेगळं मत मांडतो, राग नसावा. माझ्या वडिलांनाही सुरुवातीला त्रास झालाच. जिभेला, गालाला नवीन वस्तू शिकायला वेळ लागतो. वडील रोज सकाळी पेपर मोठ्यानं वाचायचे, मऊ भात-वरणापासून सुरुवात केली, हळूहळू चपाती, मग भाकरी. आज पेरूसुद्धा फोडी करून खातात. आपण मुलं काळजीपोटी लगेच डॉक्टरांना दोष देतो आणि मग म्हातारं माणूसही प्रयत्न सोडतं. थोडा नेट लावायला हवा.

मेण_आणि_प्लास्टर

मी डॉक्टर नाही. कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये बरीच वर्षं काम करतोय, सोलापुरातच. आमच्या टेबलावरून जे दिसतं ते सांगतो.

वरची आणि खालची कवळी ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. वरचीला अख्खी टाळू मिळते. कवळी आणि टाळू यांच्यामध्ये लाळेचा पातळ थर असतो, आणि दोन ओल्या काचा एकमेकींना चिकटतात तशी ती धरून राहते. कडेनं हवा शिरू नये म्हणून मागच्या बाजूला, जिथे कडक टाळू संपून मऊ सुरू होते तिथे, आम्ही एक बारीक उंचवटा ठेवतो. हे जमलं की वरची सहसा त्रास देत नाही.

खालचीच्या वाट्याला येते ती हिरडीची अरुंद पट्टी. टेकायला जागा वरच्याच्या जवळजवळ निम्मी. त्यात मध्ये जीभ, बाहेरून गाल आणि ओठ, खालून तोंडाच्या तळाचे स्नायू, आणि हे सगळे सतत हलणारे. त्यामुळे खालची कवळी धरून ठेवण्यापेक्षा तिला कोणी ढकलणार नाही अशी बनवणं हे खरं काम आहे. कडा एक-दोन मिलिमीटर लांब राहिली तर जीभ उचलली की कवळी उचलणार आणि तिथेच जखम होणार. कडा भीतीपोटी फार आखूड केली तर आधार जाणार. ताई, तुमच्या आईची जखम पुन्हा त्याच जागी होते म्हणालात ना? माझ्या अनुभवात तिथे बहुतेक कडाच बोलत असते.

आता मापाचं सांगतो. पूर्ण कवळीला पद्धतशीर काम केलं तर साधारण पाच बैठका लागतात. पहिलं माप, मग त्या माणसाच्या जबड्यापुरता खास ट्रे (मापाचं मटेरियल धरून तोंडात घालायचं भांडं) बनवून दुसरं माप, मग मेणाच्या पट्ट्यांवर जबड्याची उंची आणि मिटण्याची जागा, मग मेणातल्या दातांची ट्रायल, आणि शेवटी कवळी. दुसऱ्या मापाच्या वेळी ट्रेच्या कडेला हिरवी मेणकांडी मऊ करून लावतात आणि पेशंटला जीभ बाहेर काढ, ओठ हलव, गिळ असं करायला लावतात. त्या हालचालींनी कडेचा आकार ठरतो. हीच पायरी घाईत गाळली जाते. आमच्याकडे कधी कधी एकच माप येतं, सोबत चिठ्ठी, "परवा पाहिजे". त्या मापावरून आम्ही कडा कुठे संपवायची? अंदाजानं संपवतो. त्या अंदाजाचा त्रास पुढे एखादी अव्वा सोसते. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं आहे.

शेंगाचटणी

बापरे, एवढं असतं यात! आम्हाला वाटायचं साचा असतो, ओततात, झालं.

विजापूर_वेस

मी स्वतः कवळीवाला, वय ६९, निवृत्त शिक्षक. सरळसोट यांचं म्हणणं अर्धं पटतं. पेपर मोठ्यानं वाचण्याचा उपाय उत्तम आहे, मीही केला. पण ज्या गोष्टी वाचनानं सुटत नाहीत त्या सुटत नाहीत.

माझी पहिली कवळी बसवल्यावर 'स' म्हटलं की शिट्टी वाजायची आणि 'फ', 'व' उच्चारताना खालचा ओठ वरच्या दातांना सापडायचाच नाही. आयुष्यभर वर्गात बोललेला माणूस मी. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात दोन शब्द बोलायला सांगितलं तर घसा बसलाय म्हणून सांगितलं. घरी आल्यावर बायको म्हणाली, "घसा कधी बसला?" काय उत्तर देणार.

दुसऱ्या कवळीच्या वेळी ज्या डॉक्टर होत्या त्यांनी मेणाच्या ट्रायललाच मला अंक म्हणायला लावले. सदतीस, सदुसष्ट, सत्त्याहत्तर. 'स' म्हणताना वरचे-खालचे दात सगळ्यांत जवळ येतात पण टेकायला नकोत. माझे टेकत होते. त्यांनी तिथल्या तिथे मेण मऊ केलं, दात खाली-वर केले, पुन्हा म्हणायला लावलं. पुढचे दात जरा बाहेर घेतल्यावर 'व' सापडला. हे सगळं मेणात होतं, तयार कवळीत नाही. म्हणून सर्वांना सांगणं, ट्रायलला आरसा बघून "छान दिसतात" म्हणून उठू नका. बोला, भरपूर बोला. घरचं माणूस सोबत न्या, त्याला तुमचा आवाज माहीत असतो.

कृत्रिमदंत

मूळ बार्शीचा, सध्या पुण्यात प्रॅक्टिस करतो, विषय कृत्रिम दातांचाच. पेशंट न बघता निदान करता येत नाही, पण होटगीरोडकर ताईंनी जी लक्षणं लिहिली आहेत त्यांवर काही बोलता येईल.

बोलताना टक्‌ टक्‌. याची दोन कारणं जास्त करून दिसतात. एक, खालची सैल आहे आणि उचलून वरचीला आपटते. दोन, दोन्ही मिळून उंची जास्त झाली आहे. आपण निवांत बसलेलो असताना वरच्या-खालच्या दातांत साधारण २ ते ४ मिलिमीटर फट असते. कवळीनं ती फट खाऊन टाकली की दात सतत टेकतात, स्नायू थकतात, हिरड्या दिवसभर दाबाखाली राहतात, संध्याकाळपर्यंत तोंड दुखतं. उलट उंची कमी झाली तर गाल आत जातात, माणूस आहे त्यापेक्षा म्हातारा दिसतो आणि ओठांच्या कोपऱ्यांत लाळ साचून चिरा पडतात. आईला विचारा, सकाळी बरं आणि संध्याकाळी जास्त दुखतं का? उत्तर 'हो' असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

भाकरीचा घास घेतला की उचलते. इथे बघायचं की खालचे दाढेचे दात कुठे बसवले आहेत. ते जिभेकडे जास्त सरकले असतील तर जिभेला जागा उरत नाही आणि ती प्रत्येक घासाला कवळी ढकलते. शेवटची दाढ जिथे हाड मागे वर चढायला लागतं त्या उतारावर बसवली असेल तर चावताना कवळी पुढे घसरते. या दोन्ही गोष्टींत पेशंटच्या जिद्दीचा काही संबंध नाही.

सरळसोट, तुमच्या वडिलांचं कौतुक आहे. त्यांना जमलं कारण त्यांनी कष्ट घेतले आणि कवळी शिकण्यासारखी होती. नवीन कवळीला जुळवून घ्यायला काही आठवडे लागतात हे अगदी खरं. पण सवय होत असेल तर त्रास कमी होत जातो. दिवाळीपासून एकाच जागी जखम होत असेल तर ती सवयीच्या खात्यात टाकू नये.

आणि अपेक्षेबद्दल. उत्तम कवळीनेसुद्धा चावण्याची ताकद स्वतःच्या दातांच्या पाव-पंचमांश इतकीच मिळते. हे आधी सांगितलेलं बरं, म्हणजे माणूस स्वतःला दोष देत नाही.

सरळसोट

पटलं डॉक्टर. त्रास कमी होत जातोय की तसाच राहतोय, हा फरक मी धरला नव्हता. वडिलांचा खरंच आठवड्या-आठवड्यानं कमी होत गेला होता.

चादरवाला

आमच्या नान्नांची गोष्ट जरा वेगळी. अशोक चौकाजवळ राहतो, नान्ना पूर्ण आयुष्य मागावर. दात लवकर गेले, पहिली कवळी बसवून वीसएक वर्षं झाली असतील. तीच कवळी! आता खालचं हाड इतकं झिजलंय की हिरडी जवळपास सपाट. एक जण म्हणाले नवीन कवळी बसणारच नाही, इम्प्लांटच (जबड्याच्या हाडात बसवायचा स्क्रू) करा. खर्च ऐकून नान्ना उठून बाहेर आले. साध्या कवळीत खरंच काहीच होत नाही का?

कृत्रिमदंत

@चादरवाला, होतं. पण आधी हाड का झिजलं ते. दात काढले की जबड्याचं ते हाड झिजतच जातं, पहिल्या वर्षात सगळ्यांत जास्त. खालचं हाड वरच्यापेक्षा जवळजवळ चौपट झिजतं, हे १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या पंचवीस वर्षांच्या निरीक्षणातून पुढे आलं. कवळी मात्र आहे तशीच राहते. म्हणून दर काही वर्षांनी आतून नवीन थर चढवावा लागतो (रिलाइन) आणि पाच-सात वर्षांनी ती नव्यानं करायची गरज आहे का ते तपासावं लागतं. वीस वर्षांची कवळी म्हणजे नान्ना दुसऱ्या कोणाच्या मापाचे बूट घालून फिरताहेत.

सपाट हिरडीसाठी एक पद्धत आहे, तिला न्यूट्रल झोन म्हणतात. जीभ आतून ढकलते, गाल-ओठ बाहेरून ढकलतात, आणि मध्ये एक जागा अशी असते जिथे दोन्ही बळं एकमेकांना तोलतात. पेशंटला बोलायला, गिळायला लावून मऊ मटेरियलमध्ये ती जागा शोधायची आणि दात नेमके तिथेच बसवायचे. शस्त्रक्रिया नाही. वेळ आणि कौशल्य लागतं. प्रोस्थोडॉन्टिस्टकडे (कृत्रिम दातांच्या तज्ज्ञाकडे) किंवा डेंटल कॉलेजच्या त्या विभागात विचारा. कॉलेजात खर्च बराच कमी येतो, बैठका मात्र लांबतात.

इम्प्लांटचंही सांगतो. खालच्या जबड्यात पुढे फक्त दोन इम्प्लांट आणि त्यांवर बटणासारखी अडकणारी, काढता-घालता येणारी कवळी, हा पर्याय २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी पहिली पसंती म्हणून मांडला. खाण्यातला आणि आत्मविश्वासातला फरक मोठा असतो. तरी तो सगळ्यांच्या खिशाला झेपतो असं मी म्हणणार नाही.

होटगीरोडकर

इम्प्लांटचा विषय आमच्याकडेही निघाला होता. अव्वाला शुगर आहे, आणि "या वयात आता जबड्याला भोक पाडून घेऊ का" म्हणाली.

कृत्रिमदंत

शुगर ताब्यात असेल तर नुसत्या शुगरमुळे इम्प्लांट अशक्य होत नाही, आणि ७२ वय हा अडथळा नाही. पण त्यांना नको असेल तर तो निर्णय त्यांचा. आधी आहे ती कवळी दुरुस्त होते का बघा. अजून एक, शुगर आणि बीपीच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. लाळ कमी म्हणजे पकड कमी आणि घासणं जास्त. कोणत्या गोळ्या चालू आहेत त्याची यादी दातांच्या डॉक्टरांना दाखवा.

शेंगाचटणी

जरा माझ्या प्रांतात येते. कवळीवाल्यांचं जेवण! आमच्या घरी आत्या कवळीवाल्या, आणि सोलापुरात राहून शेंगाची चटणी खायची नाही हे त्यांना मान्यच नाही. अडचण अशी की चटणीचा कूट कवळीखाली जातो आणि वाळूसारखा टोचतो. आता मी त्यांच्यासाठी वेगळी कुटते, अगदी बारीक, तेल सुटेपर्यंत, आणि वर दही घालून देते. दह्यात बांधली गेली की कण सुटे राहत नाहीत. कडक भाकरी आमटीत दोन मिनिटं बुडवून. हुरडा मात्र सुटला तो सुटलाच, त्याचं त्यांना फार वाईट वाटतं.

कडक_भाकरी

हुरडा भाजून झाल्यावर गरम असतानाच जरा ठेचून बघा की, लसणाच्या चटणीसंग. आमचे आप्पा तसाच खातेत. शेतावर सगळ्यांच्या मांडीला मांडी लावून बसायला मिळतंय हेच महत्त्वाचं.

शेंगाचटणी

@कडक_भाकरी, हे करून बघणार! अजून थंडी आहे.

विजापूर_वेस

खाण्यावरून दोन गोष्टी माझ्याकडून. पुढच्या दातांनी तोडू नका, भाकरीचा तुकडा हातानं लहान करून मागे ठेवा. आणि घास दोन्ही बाजूंना वाटून चावा. एकाच बाजूनं चावलं की दुसरी बाजू उचलते. विचित्र वाटतं, पण आठ-पंधरा दिवसांत जमतं. सरळसोट म्हणतात तो सवयीचा भाग हा असा असतो.

लेक_विडीकामगाराची

माझ्या सासूबाईंचं वेगळंच. टाळूला लालभडक झालं होतं, दुखत नव्हतं म्हणून कोणाला सांगितलं नाही. त्या कवळी रात्री काढतच नाहीत. "काढली तर तोंड बोळकं दिसतं, रात्री-अपरात्री कोणी आलं तर?" शिवाय मशेरी लावायची जुनी सवय, ती कवळीवरून! कवळी काळी पडली की गरम पाण्यात टाकायची आणि टूथपेस्टनं घासायची.

मेण_आणि_प्लास्टर

गरम पाणी अजिबात नको. कवळी अ‍ॅक्रिलिकची (एक प्रकारचं प्लास्टिक) असते, कढत पाण्यात तिचा आकार बिघडतो आणि मग कोणी कितीही चांगली बनवलेली असो, बसत नाही. टूथपेस्टनं बारीक ओरखडे पडतात, त्यांत घाण आणि मशेरीचा रंग अजून धरतो. साधा साबण आणि मऊ ब्रश. धुताना खाली तसराळ्यात पाणी ठेवा किंवा टॉवेल अंथरा. बेसिनमध्ये हातातून निसटून दोन तुकडे झालेल्या कवळ्या आमच्याकडे सतत येतात.

कृत्रिमदंत

टाळूचा लाल भाग बहुधा बुरशीचा संसर्ग (कँडिडा), रात्रंदिवस कवळी घालणाऱ्यांत नेहमी दिसतो. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवायची, हिरड्यांना तेवढी विश्रांती हवीच. औषध लागेल, दाखवून घ्या. आणि मशेरी म्हणजे तंबाखूच. लाल-पांढरा चट्टा कोणताही असो, दोन आठवड्यांत गेला नाही तर थांबू नका, तपासून घ्या.

सासूबाईंच्या भीतीची मात्र मला कदर आहे. बोळक्या तोंडानं कोणी बघू नये ही लाज खरी असते. कवळी उशाशी झाकणाच्या डबीत पाण्यात ठेवली की हाताशी राहते आणि मन निवांत होतं.

पंढरीची_वाट

आमच्या आजोबांची कवळी चंद्रभागेत वाहून गेली, एकादशीला. बुडी मारली, वर आले ते हसतच, आणि हसण्यात दात नव्हते. म्हणाले, "विठ्ठलाला दिली." घरी आल्यावर नवीन करून घेतली आणि पुढच्या वारीत ती बायकोच्या पिशवीत.

यावरून आठवलं, कवळीत नाव घालता येतं असं ऐकलंय, खरं का?

मेण_आणि_प्लास्टर

हो, येतं. आतल्या बाजूला नावाची चिठ्ठी पारदर्शक अ‍ॅक्रिलिकखाली बसवतात. हॉस्पिटलात दाखल होताना कवळ्या हरवतात, अदलाबदल होते, वृद्धाश्रमात तर फारच. बनवतानाच सांगितलं तर काम थोडंसंच असतं.

बरं, डॉक्टरसाहेबांना एक विचारतो. भाकरी खाणाऱ्याला टोकदार दात द्यावेत की सपाट? आमच्याकडे दोन्ही मागण्या येतात. माझं मत, आपल्याकडच्या माणसाला टोकदार हवेत, सपाट दातांनी भाकरी नुसती चेपते, तुटत नाही.

कृत्रिमदंत

चांगली हिरडी असेल तर सहमत. टोकं असली की भाकरी, मेथीची भाजी, पेरू नीट तुटतात आणि माणूस समाधानानं खातो. पण हिरडी सपाट असेल तर तीच टोकं एकमेकांत अडकून खालची कवळी बाजूला ढकलतात. अशा वेळी मी मधला मार्ग घेतो. वरच्या दाढांची फक्त आतली टोकं ठेवायची आणि खालचे दात जवळपास सपाट. खलबत्त्यासारखं काम होतं, तुटतंही आणि ढकलतही नाही.

मेण_आणि_प्लास्टर

ते मांडायला वेळ जास्त लागतो साहेब. पण पेशंट परत येत नाही हेही खरं.

होटगीरोडकर

मंडळी, पुन्हा आले. तुमची सगळी उत्तरं अव्वाला वाचून दाखवली. टाळू-हिरडीचं तिला फार कळलं नाही, पण विजापूर वेशीच्या सरांचा घसा बसल्याचा किस्सा ऐकून खूप हसली आणि म्हणाली, "म्हणजे मास्तरांचं पण असंच होतंय तर." दुसऱ्या दिवशी स्वतःहून डॉक्टरांकडे चल म्हणाली.

यावेळी मी 'त्रास होतोय' एवढंच न सांगता कागदावर लिहून नेलं. जखम कुठे, कधी, काय खाताना उचलते, संध्याकाळी जास्त दुखतं (हो, दुखतं!), कोणत्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांनी कागद नीट वाचला आणि यावेळी बराच वेळ दिला, हे सांगायलाच हवं. कवळीच्या आत पांढरी पेस्ट लावली, तोंडात बसवून दाबली, जीभ बाहेर काढायला लावली आणि काढून मला दाखवली. सगळीकडे पांढरं आणि जिभेकडच्या कडेला एका जागी पेस्ट पूर्ण पुसली जाऊन गुलाबी अ‍ॅक्रिलिक उघडं पडलं होतं. जखम नेमकी तिथेच. ती कडा घासून पॉलिश केली. मग निळा कागद दातांमध्ये धरून चावायला लावलं, डाव्या बाजूला आधी टेकत होतं ते घासून सारखं केलं.

उंची थोडी जास्त आहे हे त्यांनी मान्य केलं. म्हणाले, फार घासून दातांचा आकार जाईल, दोन महिने बघू, नाही जमलं तर खालची नव्यानं दात मांडून करू, त्याचे पैसे घेणार नाही. मी न्यूट्रल झोनचं विचारलं तर थोडे चकित झाले, पण गरज पडली तर तसंच करू म्हणाले.

आत्ताची स्थिती: जखम भरली, परत झालेली नाही. टक्‌ टक्‌ कमी आहे, गेलेली नाही. भाकरी आमटीत बुडवून खाते. काल मात्र आमच्यासोबत बसली, शेंगाची बारीक चटणी दह्यात कालवून. (शेंगाचटणी ताई, तुमच्याच पद्धतीनं!) भजनाला अजून जात नाही.

शेंगाचटणी

अव्वांना माझा नमस्कार सांगा. वाचून डोळे भरले.

कडक_भाकरी

भारी की ओ ताई! कागद लिहून न्यायची आयडिया एकदम बेस.

कृत्रिमदंत

फार बरं वाटलं. या कागदाला आमच्याकडे शास्त्रीय रूपही आहे. दातांमुळे जगण्यावर काय परिणाम होतो ते मोजायला १९९४ साली ४९ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली, पुढे तिची १४ प्रश्नांची छोटी आवृत्ती आली, आणि दात नसलेल्यांसाठी वेगळी १९ प्रश्नांची. त्यात फक्त 'दुखतं का' नाही. घास अर्धवट टाकून उठावं लागतं का, लोकांत जायचं टाळता का, चिडचिड होते का, असंही विचारतात. कवळी डॉक्टरच्या नजरेनं निर्दोष असूनही या प्रश्नांना वाईट उत्तरं येऊ शकतात, म्हणून ते विचारावे लागतात. भजनाला जात नाहीत हेसुद्धा पुढच्या कागदावर लिहा.

चादरवाला

नान्नांना डेंटल कॉलेजात घेऊन गेलो. दुसरं माप झालं, हिरवी कांडी लावून. नान्ना म्हणाले, "एवढा वेळ आजवर कोणी माझ्या तोंडात बघितलं नव्हतं." पुढची तारीख मिळालीय, जमेल तसं कळवतो.

आता एक शेजाऱ्यांसाठी विचारतो. वय फक्त ४८, गुटख्यानं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही, मागचे बरेच दात गेलेत. त्यांना काढती कवळी बसू शकते का? ट्रेच आत जात नाही म्हणाले.

कृत्रिमदंत

आधी गुटखा पूर्ण बंद आणि तोंडाची तपासणी, गरज वाटल्यास तुकडा काढूनही. तोंड आवळणारा हा आजार काही जणांत पुढे कॅन्सरकडे जातो, त्यामुळे कवळी नंतर. तोंड उघडण्याचे व्यायाम आणि औषधोपचार सोबत चालतात.

बसवायची वेळ आली की मार्ग आहेत. दोन तुकड्यांचा ट्रे वापरून अर्धं-अर्धं माप घेता येतं आणि कवळीही दोन भागांत बनवून तोंडात जोडता येते. शेजाऱ्यांना आधी तोंडाच्या आजारांच्या विभागात न्या, तिथून ते योग्य ठिकाणी पाठवतील.

मेण_आणि_प्लास्टर

दोन भागांची आम्ही केली आहे. जोडायला मध्ये खाच ठेवतो, काही जण लहान चुंबकही बसवतात. अवघड असतं, पण होतं. शेजाऱ्यांना सांगा, सोमवारीच जा.